कांताबाई रोलर आणि पंचावन्न किलो

कांताबाईला अख्खं गाव रोलर म्हणायचं आणि तिला त्याचा राग यायचा नाही. उलट कुणी नुसतंच 'कांताबाई' म्हटलं, की हा माणूस बाहेरगावचा आहे हे ती ओळखायची.

नाव पडलं ते कापसापायी. यवतमाळकडच्या नेरपासून सायकलच्या टप्प्यावरचं तिचं गाव. सरकारी खरेदीचं गाडं रुतलेलं, बोनस बंद, भाव असा पडलेला की पारावर कुणी आकडा उच्चारला तरी चार जण तोंड फिरवायचे. त्या वर्षांत व्यापारी आपापला काटा घेऊन थेट गावातच उतरायचे. खेडा खरेदी म्हणायचे त्याला. वजन झालं की कापूस गाडीत. आणि कापूस दाबल्याशिवाय कुठे मावतो? गाडीच्या उंच फळ्यांच्या आत, कमरेएवढ्या कापसात उभं राहायचं आणि तुडवत सुटायचं. एक पाय रुतला की उपसायचा, तोवर दुसरा रुतलेला. हे काम गड्यांचं. पण एका हंगामात दोन गडी दुपारी जेवायला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. कांताबाईने पदर खोचला, चाकावर पाय दिला आणि ती वर चढली. दिवस कलेपर्यंत गाडीत एवढा कापूस बसला, की ड्रायव्हर खाली वाकून टायर बघायला लागला.

"ही बाई हाय का रोलर?" तो म्हणाला. झालं. तेव्हापासून रोलर.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर कांताबाईने सुनेलाही सोबत वर घेतलं. सून प्रियंका, बाभुळगावकडची, एका लेकराची आई. घरात इतकी गुपचूप वावरायची, की धम्मरत्न, म्हणजे कांताबाईचा लेक, म्हणायचा, "आई, हिले गळ्यात घंटी बांधा लागते. कुठं हाय तेच समजत नाही."

खालून कापसाची टोपली फेकायला उत्तमसिंग होता. छातीचा कोठा एवढा, मिशी तेवढी.

"ओ रोलरबाई," तो खालून ओरडला, "सुनेले वर काहून घेतलं? बुडून जाईन ना ते! सरकीसंगं जिनिंगात निघन!"

"तू टोपलं फेक."

"फेकतो ना. पन दाबाव कसं ते तरी दाखवा तिले. थांबा, मीच दाखवतो." आणि तो खरंच वर चढला. चढला तो चढला, 'असं दाब, पोरी' म्हणत त्याने प्रियंकाचा दंड धरला.

पुढे काय झालं ते कांताबाईला नीट दिसलंच नाही. प्रियंका खाली वाकल्यासारखी वाटली. मग उत्तमसिंगचे दोन्ही पाय आभाळाकडे दिसले. मग उत्तमसिंगच दिसेना. कापसात मोठा खड्डा पडला होता आणि त्या खड्ड्यातून आवाज येत होता, "मेलो वं माय!"

तो बाहेर आला तेव्हा मिशीला एवढा कापूस लागला होता, की एका क्षणात म्हातारा झाला होता. गाडीपाशी उभ्या बाया हसून हसून बसल्या. उत्तमसिंग मात्र दिलदार गडी. मिशी झटकत म्हणाला, "रोलरबाई, ही सून नाही. पहेलवान हाय हे."

कांताबाईने सुनेकडे रोखून पाहिलं. "कोनं शिकवलं वं हे तुले?"

"शाळेत, आत्याबाई." प्रियंकाने पदर डोक्यावर ओढला. "कुस्ती खेळत होती मी. एकदा राज्याले गेलती. मंग लग्न झालं."

"मंग?"

"मंग काय? कोनी इचारलंच नाही."

 उरलेला कापूस कांताबाईने असा काही दाबला, की जणू त्याचंच चुकलं होतं.

नेरमध्ये अय्यूबचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागे तालीम. माती, चार मुगदर, एक दोर, आणि ट्रॅक्टरचे जुने टायर. दिवसा अय्यूब मिस्त्री, सांजेला अय्यूब वस्ताद. कांताबाई सुनेला घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"वस्ताद, हे माही सून. हिले पुन्हा खेळाचं हाय."

"मी असं कुठं म्हनलं, आत्याबाई?" प्रियंका कुजबुजली.

"तू गप. तुले कोनी इचारलं नाही म्हने ना? मी इचारून राह्यली. खेळाचं हाय का नाही?"

प्रियंकाच्या ओठावर आधी हसू आलं, मग शब्द. "हाय."

अय्यूबने हात फडक्याला पुसले. "भाभी, जानेवारीत यवतमाळला जिल्ह्याची निवड हाय. जो गट जिंकन तो राज्याले जाईन. कौनसा वजन हाय हिचा?"

"वजन? भरपूर हाय," कांताबाई अभिमानाने म्हणाली. "चांगली खातेपिते."

अय्यूबने कपाळाला हात लावला. मग बसवून समजावलं. कुस्तीत वजनाचे गट असतात. पंचावन्न किलोचा एक, त्यावर एकोणसाठचा. अंगकाठीने प्रियंका पंचावन्नची. वरच्या गटात गेली तर उंच, आडव्या पोरी मिळतील. तेव्हा अंगावरची चरबी उतरवायची आणि ताकद मात्र वाढवायची.

"मंजे वजन कमी कराचं?" कांताबाईला हे काही पटेना. "वस्ताद, आमच्या गावात सारे वजन वाढवून राह्यले. कोनी कापसाले पानी मारते, कोनी बकऱ्याले मीठ चारते. कमी कराची इद्या कोनालेच येत नाही."

"मग शिका, भाभी. मी बी शिकलो. आमच्या टाइमाले वस्ताद म्हनाचे, दूध पी, तूप पी, बदाम खा, हत्ती बन. आता हत्ती नाही चालत. आता बिबट्या पाह्यजे."

आणि मग सुरू झालं. पहाटे दोर चढणं, बैठका, ट्रॅक्टरचा टायर उलटा-पालटा करणं, दिवसभर गाडीत कापूस, सांजेला माती. सरकीचं अर्धं पोतं पाठीवर घेऊन प्रियंका पांदणीच्या वाटेने पळायची तेव्हा बैल बाजूला व्हायचे. अय्यूबने खाणं बांधून दिलं: ज्वारीची भाकर दीड, मोड आलेले मूग, अंडी, ताक, मूठभर फुटाणे. तेल दाखवण्यापुरतं. आणि सांगून ठेवलं, "भाभी, उपाशी नाही ठेवाचं. हळूहळू उतरवाचं. उपाशी पोरगी कुस्ती नाही खेळत, फक्त पडते."

हे सगळं कांताबाईने पाळलं, पण पाळताना तिचा जीव जायचा. आयुष्यभर तिला एकच गोष्ट ठाऊक होती, समोरच्याच्या ताटात वाढणं. आता तोच हात ताटावरून मागे घ्यायचा. सुनेसमोर आपण तरी कसं तळलेलं खायचं, म्हणून तिने स्वतःचीही भजी बंद केली. धम्मरत्न घराच्या ओट्यावर बसून ठेचा-भाकरीवर कच्चं तेल ओतून खायचा.

"आत येऊ नोको," कांताबाई आतून म्हणायची. "वास येते."

"आई, मी कोनत्या गटात हाव?"

"तू बाहेरच्या गटात हाय."

महिनाभरात प्रियंकाचे गाल बसले, दंड मात्र कसले. पण गावाला आधी गाल दिसतात. नळावर कुजबुज सुरू झाली. 'रोलरनं सुनेचं खानं दाबलं.' 'दीड भाकर देते म्हने मोजून.' 'पाठीवर पोतं देऊन पळवते, मी डोयानं पाह्यलं.' ही कुजबुज एस.टी.त बसून बाभुळगावपर्यंत गेली आणि एका दुपारी प्रियंकाची आई दारात उभी राहिली. हातात लाडवांचा डबा, डोळ्यांत अंगार.

"इहीनबाई," ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "माही पोरगी जड झाली असन तं सांगा. घेऊन जातो."

"जड झालीच हाय ना," कांताबाई म्हणाली. "अजून दीड किलो जड हाय."

विहीणबाईंनी डबा खाली ठेवला आणि पदर खोचला. "काय म्हनलं?"

"आई, आई, ऐक ना!" आतून प्रियंका धावत आली. घामाने निथळलेली, हातात दोर. "मी कुस्ती खेळून राह्यली. यवतमाळले. आत्याबाईनंच नाव टाकलं माहं."

विहीणबाईंनी लेकीला वरून खालपर्यंत पाहिलं. दंड चाचपला. पुन्हा चाचपला. "हे दगड कायचे?"

"कापसाचे," कांताबाई म्हणाली.

मग चहा झाला, बिनसाखरेचा. विहीणबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि विचारलं, "अन् लाडू?"

"लाडू माह्या ताब्यात राह्यतीन. जिंकली का देतो."

"हरली तं?"

"हरली तं दोन जास्त देतो," असं म्हणून कांताबाईने डबा उचलून फळीवर चढवला.

वजन मोजायला मात्र गावात एकच सोय होती, कापसाच्या व्यापाऱ्याचा, म्हणजे शेठचा काटा. गाड्या गेल्या की काट्यावरचा माणूस, बाबुलाल, बिडी ओढत बसलेला असायचा. आता हा काटा मारतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मारतो कसा, हेही ठाऊक होतं: बाबुलाल वजन करताना पायाचा अंगठा पाटाखाली घालून हळूच वर रेटतो, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. म्हणून दर आठवडी बाजाराच्या दिवशी प्रियंका काट्यावर उभी राहिली, की कांताबाई आधी दरडावायची.

"बाबुलाल, पाय!"

"हे घ्या, मावशी." तो दोन पावलं मागे सरायचा.

"अजून मांगं. हात वर."

बाबुलाल दोन्ही हात वर करून, पोलिसांनी धरल्यासारखा लांब उभा राहायचा. मग उत्तमसिंग वजनं सरकवायचा आणि लिलाव पुकारावा तसा आकडा पुकारायचा. गर्दी जमायची. आधी अठ्ठावन्न. मग सत्तावन्नच्या आत. मग छप्पन. जानेवारीतल्या शेवटच्या बाजारी तो ओरडला, "साडेचोपन्न!" आणि नळावरच्या ज्या बायांनी कुजबुज केली होती, त्यांनीच टाळ्या पिटल्या. कांताबाईने बाबुलालच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "आज खरं वजन केलं रे बावा तू. देव तुहं... जाऊ दे, तुहं भलं हो."

यवतमाळला निवडीच्या सभागृहात गादी अंथरलेली होती. निळी, गुळगुळीत, कडेला पिवळी पट्टी. बाजूच्या खोलीत वजनाचं यंत्र, त्यावर लाल आकडे. प्रियंका चढली. आकडे नाचले आणि थांबले. छप्पन.

"पुढची," वजन घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

"थांबा," कांताबाई पुढे झाली. "चुकलं तुमचं. साडेचोपन्न हाय ते."

"मावशी, मशीन आहे. ते चुकत नाही."

"बटनाचं हाय म्हनून तुमाले वाटते. बाजूले व्हय, प्रियंका." आणि कुणी नको म्हणायच्या आत कांताबाई स्वतः चढली. बाबुलालच्या काट्यावर ती सत्तर भरायची, चार लोकांसमोर. इथे लाल आकडा बहात्तरला टेकला. मग तिने अय्यूबला ओढलं. अय्यूबही बाबुलालच्या काट्यापेक्षा दोन किलोने फुगला.

 मग कांताबाईच्या तोंडून हळूच निघालं, "अंगठा नव्हता वं माय. काटाच तसा हाय."

"म्हंजे?" प्रियंकाने विचारलं.

"मंजे तो मेला शेठ लोखंडातच चोरते! आन् आपन बाबुलालचे हात वर करून राह्यलो!"

अय्यूब आधी रागावला, मग त्याला हसू फुटलं ते आवरेना. तोंडावर टॉवेल धरून तो भिंतीला टेकला. "भाभी... सारा गाव पायाकडे पाहून राह्यला होता!" कांताबाईही हसली. अंग गदगदून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. एकटी प्रियंका हसत नव्हती. तिने पिशवीतून स्वेटर काढून अंगात घातला होता आणि त्यावर धम्मरत्नचं जाकीट चढवत होती.

"हे काय?"

"वजन बंद व्हाले एक घंटा हाय ना अजून? पळते मी. घामानं उतरन."

"किलोभर? एका घंट्यात?" अय्यूबचं हसू उडालं. "बेटी, ते वजन नाही उतरत, ते पानी उतरते. मी पोरं पाह्यलेत असे. काट्यावर पास, अन् गादीवर चक्कर."

"चाचा, मी तीन महिने पंचावन्नसाठी केलं सारं. वरच्या गटात मले कोन उभं राहू देईन?" आणि ती दाराबाहेर मैदानात पळायला लागलीसुद्धा.

कांताबाई पायरीवर उभी राहून पाहत राहिली. एक फेरी. दुसरी. प्रियंकाचे ओठ पांढरे पडायला लागले. तिने तोंडात घोटभर पाणी घेतलं, खुळखुळवलं आणि थुंकून दिलं. ते थुंकलेलं पाणी पाहिलं आणि कांताबाईने पाण्याचा तांब्या उचलला. तीन महिने तिने हात आवरला होता, पण या पोरीला तहानलेलं तिने कधी ठेवलं नव्हतं. ती मैदानात उतरली, पळत्या सुनेला आडवी झाली आणि तिचा हात धरला.

"बस."

"आत्याबाई, सोडा. टाइम जाऊन राह्यला."

"जाऊ दे. वरच्या गटात नाव टाकतो आपन."

"तिथं हरन मी!"

"हरशीन तं उभ्यानं हरशीन. वाळून नाही हरू देत मी तुले." तिने जाकिटाची चेन खाली ओढली. "इतके दिवस माह्या हातानं तुह्या ताटातली भाकर काढली ना मी? आता माह्याच हातानं वाढतो. काढ ते."

प्रियंका धापा टाकत उभी राहिली. मग स्वेटर डोक्यावरून काढला आणि सासूच्या हातातला तांब्या एका दमात रिकामा केला.

एकोणसाठच्या गटात एकच पोरगी होती, म्हणजे एकच कुस्ती आणि तीच शेवटची. ढाणकीची दीपा. उंच, खांद्याने रुंद. पण ती कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसली होती, डोळे खोल गेलेले. तिचे काका सांगत होते, काल दुपारपासून पाणी नाही, आज सकाळी कुठे एकोणसाठ भरली. आता खायला मुभा होती, पण आणलेले बिस्किटाचे पुडे तिच्या कोरड्या घशाखाली उतरत नव्हते.

कांताबाईने पिशवीतून डबा काढला. भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, दुसऱ्या भांड्यात पातळ ताक. प्रियंकाला वाढलं. मग एक भाकर आणि ताकाचं भांडं उचललं आणि कोपऱ्याकडे निघाली.

"भाभी!" अय्यूब मागून धावला. "कुठं? ती तं हिच्यासंगं लढनार हाय!"

"लढनार हाय म्हनूनच तं."

"थोडी सुकलेली राहू द्या ना तिले, आपला फायदा हाय!"

"वस्ताद, शेठचा काटा तेच करते ना? दुसऱ्याचं कमी करून आपलं जास्त." कांताबाई थांबली नाही. दीपापुढे उकिडवी बसून म्हणाली, "घे वं पोरी. आधी ताक घे, घोट घोट. मंग भाकर कुस्कर त्यात. हाव, अशी."

दीपाने आधी काकाकडे पाहिलं, मग भांड्याकडे. मग भांड्यात तोंडच घातलं.

अय्यूब तिकडे गुडघ्यांवर हात ठेवून पुटपुटत होता, "या अल्ला, मी पोरीले कुस्ती शिकवली, हिच्या सासूले कोन शिकवन?"

दोन तासांनी शिट्टी झाली. तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो विजयी. आणि दीपा उठली ती पिसाळलेल्या वाघिणीसारखी. पहिल्या फेरीत तिने प्रियंकाला दोनदा पट्टीबाहेर ढकललं. फेरी गेली.

"वाढा अजून ताक!" अय्यूब ओरडला.

 पदराचं टोक कांताबाईच्या दातात होतं. ती फक्त पाय पाहत होती. गाडीत वर चढलेल्या बायांचे ती नेहमी पायच पाहायची, कोण पडणार ते तिला आधी कळायचं. दीपा मातीची पोर होती, मातीवर टणक पाऊल टाकायची सवय. गादी दबत होती आणि तिचं पाऊल दर वेळी थोडं फसत होतं. प्रियंकाचं पाऊल मात्र गादीत बसत होतं. जेवढी गादी दबेल तेवढं घट्ट. कमरेएवढ्या कापसात तीन महिने उभी राहिलेली पोरगी ही! तिला हे तर अंगण होतं.

"प्रियंका!" कांताबाई एकदम गरजली. सगळं सभागृह वळलं. "सरकू नोको वं! गाडीत हाय तू! दाब!"

दुसऱ्या फेरीत दीपा पटात शिरली, दोन्ही पाय धरले आणि उचलायला गेली. पाय हलेनात. पुन्हा जोर केला. प्रियंका जागची रोवलेली. आणि दीपाचंच पाऊल घसरलं तशी प्रियंका तिच्यावर असं वजन टाकून बसली, की गादीने 'हुश्श' केलं. फेरी प्रियंकाची.

तिसऱ्या फेरीत दोघी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून एवढा वेळ उभ्या होत्या, की कुणी हलतंय की नाही हेच कळेना. अय्यूब डोळे झाकून बसला होता. मग प्रियंका एकदम खाली वाकली, दंडात दंड अडकवला, आणि कांताबाईला पुन्हा एकदा काही नीट दिसलं नाही. नुसते दोन लांब पाय हवेत दिसले. पंचाचा हात गादीवर आपटला. चीत!

अय्यूबने उडी मारली ती शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर. प्रियंकाचा हात वर गेला तेव्हा ती पंचाकडे नाही, सासूकडे पाहत होती आणि लहान पोरीसारखी हसत होती.

दीपा उठली, नाक पुसलं, आणि गादीवरून उतरून सरळ कांताबाईजवळ आली. "मावशी, तुमच्या सुनेनं पाडलं मले."

"हाव वं पोरी. पन तू बी सोडलं नाही तिले. पहिल्या फेरीत माहा जीव घशात आनला तू."

"ताकानं जोर आला." ती लाजली. "थोडी भाकर हाय का अजून?"

भाकर होती. दोघी पोरी भिंतीला टेकून एकाच डब्यात जेवायला बसल्या आणि राज्याला काय काय असतं, तिथल्या पोरी कशा पट काढतात, याची बोलणी सुरू झाली. कांताबाईने डब्यात डोकावलं. चटणीचा डागसुद्धा उरला नव्हता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपल्या पोटात कण नाही. आणि तीन महिन्यांत आपण तळलेला एक घास खाल्लेला नाही.

"वस्ताद," ती उठली, "बाहेर समोसा-रस्सा देऊन राह्यला होता ना कोनी?"

"हाय ना, भाभी. चला, माह्याकडून."

गाडीवाल्याने प्लेट पुढे केली. कांताबाईने ती परत त्याच्यापुढे सरकवली.

"असं काय भाऊ, वरतून तर्री टाक ना. लाल दिसली पाह्यजे. आन् दुसरा समोसा आताच फोडून ठेव." मग अय्यूबकडे वळून म्हणाली, "तुमी काय पाहून राह्यले? मले कोनत्याच गटात उतराचं नाही."